आत्यासाठी कॅमेरा

सरकारी कचेरीत साधी खुर्ची घ्यायची झाली तरी आधी मागणीपत्र लागतं, मग तीन दुकानांची दरपत्रकं, मग त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि शेवटी ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याच्या नावापुढे साहेबांची सही. वीस वर्षं हे तक्ते करून हाताला अशी सवय लागली आहे की घरी मिक्सर घ्यायचा झाला तरी मी आधी कागदावर चार रकाने आखतो. बायको हसते. हसू दे. गेल्या डिसेंबरात हैदराबादला कॅमेरा घ्यायला निघालो तेव्हाही मी रकाने आखलेच होते.

"कॅमेरा? आजच्या दिवसांत? फोन मेला काय तुझा?" असं कचेरीतल्या सगळ्यांनी विचारून घेतलं. प्रश्न काही चुकीचा नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघितले तर २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली हाच आकडा ८० लाखांच्याही आत आला होता. खिशात मावणारे साधे कॅमेरे तर फोनने जवळजवळ गिळूनच टाकले. ज्या कोडॅकने साध्या माणसाच्या हातात कॅमेरा दिला, तिनेच २०१२ साली दिवाळखोरीत जाऊन डिजिटल कॅमेरे बनवणं सोडून दिलं.

पण कॅमेरा मला नको होता. तो हवा होता आत्याला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आज चौर्‍याहत्तर वर्षांची. १९७४ साली लग्न होऊन पेडण्याहून थेट हैदराबादला गेली, कारण काका दक्षिण मध्य रेल्वेत होते. काचीगुड्यात घर घेतलं आणि तिथलीच झाली. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी हा भाग तसा जुना मराठी वस्तीचा. मुलीला विवेकवर्धिनीत घातलं. आत्याच्या बोलण्यात पेडण्याची मराठी, रेल्वे कॉलनीतलं तेलुगू आणि बाजारातली दखनी अशी काही मिसळली आहे की ऐकतच राहावं. काका जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी बंगळूरला असते. आत्या मात्र घर सोडून कुठेही जायला तयार नाही.

दोनेक वर्षांपासून तिला माणसं ओळखायला त्रास होऊ लागला. जुनी माणसं नाही, नवी. पेडण्याच्या शाळेतल्या बाई तिला आठवतात, पण रोज दूध घालणारा मुलगा आठवत नाही. एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तिने दारातूनच परत पाठवलं. दुसर्‍या वेळी याच्या उलट झालं: कोणी तरी अनोळखी माणूस मीटर बघायचं सांगून आला, त्याला तिने आत बसवून चहा दिला. काही गेलं नाही, नशीब. पण बंगळूरच्या बहिणीची झोप उडाली. आईला एकटीला ठेवायचं की घर बंद करायचं, यावर फोन सुरू झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की दिनक्रम एकच ठेवा, वही ठेवा, माणसांचे फोटो नावांसकट डोळ्यांसमोर राहतील असे ठेवा.

बहिणीने फोटोंचा एक सुंदर अल्बम करून आणला. आत्याने तो चाळला आणि बाजूला ठेवला. "हे तुम्ही काढलेले," ती म्हणाली. "मी होते कुठे तेव्हा?" नंतर मला फोनवर म्हणाली, "मला एक साधा कॅमेरा आणून दे रे. काकांकडे होता तसा. माझे मी काढीन."

आता आयुष्यभर या बाईने कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. काकांकडचा तो कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. घरातल्या जुन्या फोटोंत आत्या आहे, पण डोक्यावर पदर घेऊन, कडेला, बघू कुठे अशा चेहर्‍याने. तिने काढलेला फोटो एकही नाही. तेव्हा ही मागणी ऐकून मी दुसर्‍याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

फोन का नाही, हे आधी सांगतो, कारण तो करून पाहिला होता. बहिणीने दिलेला चांगला फोन आत्याच्या कपाटात आहे. त्याचं कुलूप उघडायला बोट विशिष्ट दिशेने सरकवावं लागतं. फोटो काढायला गेलं की वरून कुणाचा तरी फोन येतो. जरा बोट लांबलं की पडद्यावर भलतंच काही उघडतं, आणि मग परत कसं यायचं ते कळत नाही. हात थरथरतो तेव्हा काचेला बोट लागलं की नाही, हेही समजत नाही. बटणाचं तसं नसतं. बटण खाली जातं, खट्ट होतं, बोटाला कळतं. आणि मुख्य म्हणजे फोनमधले फोटो फोनच्या पोटातच राहतात. ज्याला फोन उघडायचंच आठवत नाही, त्याला आतला फोटो काय उपयोगाचा?

म्हणून गाडीत बसल्या बसल्या मी मागणीपत्र लिहिलं. कचेरीत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, वस्तू कोण वापरणार? सुरू करायला एक बटण आणि फोटोला दुसरं, तिसर्‍याला हात लावायची वेळ येऊ नये. सेल साधे, पेन्सिल सेल म्हणतात ते, कोपर्‍यावरच्या किराणा दुकानात मिळणारे. चार्जर शोधत बसायला नको. हात हलला तरी फोटो हलू नये. डोळा लावून बघायची खिडकी असावी, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उन्हात चकाकणारा पडदा तिला दिसत नाही. फोटोवर तारीख छापून यावी. आणि किंमत पाच हजारांच्या आत. एवढंच. मेगापिक्सेलचा रकाना या कागदावर नव्हता.

हैदराबादेत कॅमेरे बघायचे तर कोठी. जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या, म्हणजे 'कोठी'च्या नावावरून हा भाग ओळखला जातो. तिथली बँक स्ट्रीट आणि गुजराती गल्ली म्हणजे फोन, कॅमेरे, वायरी आणि माणसं यांचा एकच काला. पहिल्या दुकानात गेलो तर दुकानदाराने काचेवर सगळ्यांत महागडा कॅमेरा ठेवला आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. इतके मेगापिक्सेल, इतका झूम, वायफाय, चित्रफीत अमुक दर्जाची. दुसर्‍या दुकानातही तेच. किमती वीस हजारांच्या पुढे. दरम्यान हेही कळलं की तरुण पोरांत जुन्या डिजिटल कॅमेर्‍यांची पुन्हा फॅशन आली आहे, त्यामुळे एके काळी कपाटात पडून असलेल्या वस्तूंचे भाव वाढले आहेत. फॅशन एवढी की कॅननने आपलं २०१६ सालचं एक छोटं मॉडेल किरकोळ फरक करून २०२५ साली परदेशी बाजारात पुन्हा आणलं!

मेगापिक्सेलचा हिशेब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. आत्याला फोटो हातात हवेत, म्हणजे चार बाय सहा इंचांची छापील प्रत. उत्तम छपाईला इंचामागे ३०० ठिपके पुरतात. चार इंचांचे १२००, सहा इंचांचे १८००. गुणाकार केला की २१ लाख ६० हजार, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरासं वर. बस्स. २००८ सालचा आठ मेगापिक्सेलचा कॅमेराही या कामाला चौपट मोठा होतो. बाकीचे आकडे काचेमागच्या पाटीसाठी.

हैदराबाद शहराचं आणि कॅमेर्‍याचं नातं तसं जुनं आहे. राजा दीनदयाळ हे नाव वाचकांपैकी अनेकांनी ऐकलं असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. पण मला त्यांच्याविषयी जास्त आपुलकी वाटते ती दुसर्‍याच कारणाने. हा माणूस मुळात आमच्यासारखाच सरकारी नोकर! रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. काम नकाशे काढण्याचं आणि खर्चाचे अंदाज करण्याचं. फोटोग्राफी हा नाद लागला तो १८७४च्या सुमारास, नोकरी सांभाळून. पुढे नोकरी सोडली, सिकंदराबादला स्टुडिओ थाटला आणि निजामाकडून 'मुसव्विर जंग' हा किताब मिळवला.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे केवढा खटाटोप! काचेच्या ओल्या पट्टीवर रसायन लावायचं, ती वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. पुढे कोरड्या पट्ट्या आल्या, पण कॅमेरा लाकडी पेटाराच राहिला. सगळं ज्ञान फोटो काढणार्‍याकडे, आणि समोरच्याने फक्त निश्चल बसायचं. त्यातही बायकांची पंचाईत. पडद्यातल्या स्त्रिया परपुरुषासमोर फोटोला कशा बसणार? म्हणून दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार बायकांचा आणि प्रमुख म्हणून केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने असा विचार केला की कॅमेरा आहे तसाच राहील, पण समोर बसणारी बाई कोण आहे हे ओळखून बाकीची व्यवस्था बदलली पाहिजे. मला हे फार मोठं वाटतं.

विवेकवर्धिनीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते पंडित सातवळेकरही स्टुडिओवालेच. आपल्या शेजारच्या सावंतवाडीतल्या कोलगावचे, जन्म १८६७चा. मुंबईला जे. जे.मध्ये चित्रकला शिकून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद गाठलं आणि तिथे आपला स्टुडिओ काढला. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण पोट भरत होतं ते माणसांच्या चेहर्‍यांवर.

इकडे जनाना स्टुडिओच्या चार वर्षं आधीच, १८८८ साली, अमेरिकेत ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला होता. आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. ते धुऊन, छापून, नवी फिल्म भरून परत देत. १९०० साली ब्राउनी आला, एक डॉलरचा. आपल्याकडे बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री, मग ऐंशीच्या दशकातला हॉटशॉट, मग कोडॅकचा केबी टेन, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. काकांचा कॅमेरा या हॉटशॉटपैकीच. सोपा कॅमेरा म्हणजे स्वस्तातला कच्चा कॅमेरा नव्हे. जे ज्ञान पूर्वी फोटो काढणार्‍याला लागायचं, ते यंत्राने स्वतःकडे घेतलं की कॅमेरा सोपा होतो. ज्याला कमी लक्षात ठेवायचं आहे, त्याच्यासाठी हाच खरा निकष. असो. कोठीत परत येऊ.

तिसरं दुकान जिन्याखालचं, दुरुस्तीचं. म्हातारे मालक भिंग लावून काही तरी जोडत बसले होते. मी त्यांच्या हातात माझा कागद दिला आणि हिंदीत वाचून दाखवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किन के वास्ते होना साब?"

"मेरी बुआ के वास्ते. चौहत्तर साल की हैं."

"हाथ कांपता?"

"हो," मी मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं.

"तो ये बड़ेवाले नक्को," असं म्हणून त्यांनी खणातून एक कॅमेरा काढला. कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस. २००८ सालचं मॉडेल, आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल, डोळा लावायची छोटी खिडकी, आणि शेवटच्या त्या 'आयएस' अक्षरांचा अर्थ असा की हात थोडा हलला तर भिंगाचा आतला भाग उलट हलून ते सावरून घेतो. उजव्या बाजूला सेलांमुळे आलेला फुगवटा आहे, तो आत्याच्या मुठीत बरोबर बसणारा. आजच्या चपट्या वस्तूंना ही मूठच नसते.

जुना कॅमेरा घेताना काय बघायचं, तेही त्यांनी शिकवलं, ते सांगून ठेवतो. सेलचं दार नीट बंद होतं का, कारण त्याचा खटका तुटणं हे या जातीचं नेहमीचं दुखणं. आत पत्र्यावर हिरवट-पांढरं काही साचलंय का, म्हणजे सेल गळले होते का. कॅमेरा दहा वेळा सुरू-बंद करून भिंग अडखळतं का. भिंगात तिरप्या उजेडात बघून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का. आपल्या गोव्याच्या पावसात ही बुरशी कुणालाही सोडत नाही, त्यामुळे तांदळाच्या डब्यात नव्हे, तर ओल शोषणार्‍या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा. हैदराबादची हवा त्या मानाने कोरडी. घड्याळासाठी आत वेगळा बटणासारखा सेल असतो, तो नवा बसवून घ्यायचा, नाही तर तारखेचा घोळ होतो. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्यायचं, त्याच्या पुढचं जुन्या कॅमेर्‍यांना मानवत नाही. आणि दहा रुपयांचे साधे सेल घालायचे नाहीत, ते थोड्याच फोटोंत मान टाकतात. अल्कलाइन घालावेत, नाही तर चार्ज होणारे.

सगळं धरून साडेतीन हजार. दरपत्रक एकच, तक्ता नाही, सही माझीच.

तारखेची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. या कॅमेर्‍यात फोटोचा आकार 'पोस्टकार्ड' ठेवला की कोपर्‍यात तारीख छापता येते, आणि छापताना कडेचा जो भाग कापला जाणार तो पडद्यावर करडा दिसतो. फोटोवरची ती तारीख आपण पूर्वी हौसेने छापायचो, नंतर तिला नावं ठेवून बंद केली. आत्याला तीच हवी होती. मी सगळं एकदाच लावून दिलं आणि वरच्या गोल चकतीवर, ती फिरू नये म्हणून, चिकटपट्टी मारली.

शिकवायला दोन दिवस लागले. बटण अर्धं दाबायचं, 'पीं' वाजलं की पूर्ण. हे अर्धं दाबणं काही केल्या जमेना. मग आत्यालाच सुचलं. "म्हणजे भाताचं शीत दाबून बघतो तेवढंच ना?" तेवढंच! तिथून पुढे अडलं नाही.

पहिला फोटो दूधवाल्या मुलाचा. तो लाजला, केस नीट केले, मग उभा राहिला. दुसरा गॅसवाल्याचा, सिलिंडरसकट. मग शेजारच्या वहिनी, औषधांच्या दुकानातला पोरगा, खालची इस्त्रीवाली. काही तिरपे, एकात नुसतं छत, दोनांत तिचा स्वतःचा अंगठा. कोपर्‍यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फोटो छापून मिळतात. तो कार्ड घालून सगळे छापून देतो. प्रत्येक फोटोच्या मागे आत्या बॉलपेनने लिहिते. मला वाटलं होतं नाव लिहील. ती नावाच्या पुढेही बरंच लिहिते. 'दूध. सकाळी सहा. एकच पिशवी घ्यायची, हा दोन देतो.' 'औषध. पैसे आधी मोजावे. चांगला आहे, आईला विचारतो.' 'इस्त्री. हिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात.' हे फोटो दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, ओळीने लावले आहेत. घंटा वाजली की आधी भोकातून बाहेर बघायचं, मग दाराकडे.

माझाही फोटो काढला. मागे काय लिहिलं ते मी निघायच्या दिवशी वाचलं. माझं नाव बरोबर होतं. पुढे 'दादाचा मुलगा' होतं, तेही बरोबर. खाली लिहिलं होतं, 'हा विचारील, जेवलीस काय. हो म्हणायचं.'

कॅमेर्‍याने आत्या बरी झाली असं सांगणारा मी कोण? ती अजून विसरते. मार्चमध्ये फोनवर तिने मला बाबांच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली. पण त्या दारातून अनोळखी माणूस आत गेलेला नाही, आणि घर बंद करायचं बोलणं सध्या तरी थांबलं आहे. दिवसभर सोबतीला एक बाई येते. तिचाही फोटो दारावर आहे, सगळ्यांत वर.

घरातल्या म्हातार्‍या माणसासाठी कॅमेरा घ्यायचा झाला तर दुकानात शिरण्यापूर्वी त्याचा हात बघा, डोळे बघा, जवळच्या किराणा दुकानात कोणते सेल मिळतात ते बघा. आणि फोटो छापून घ्या, मागे लिहू द्या. जे लिहावंसं वाटेल ते.

परवा आत्याचा फोन आला होता. दारावर जागा उरली नाही म्हणते. शंभर कप्प्यांचा अल्बम आणि चार अल्कलाइन सेल पाठव, आणि चवथीच्या माटोळीचा एक फोटो तू काढून पाठव, पण मागे लिहू नकोस, ते मी लिहीन.